दिवसभर सूत कातून पोट भरतं का? गागोद्याच्या विनोबांनी हा हिशोब स्वतःवरच करून पाहिला

सध्या इन्स्टा उघडलं की क्रोशाच्या आणि दोन सुयांच्या रील्स दिसतातच. कुणी बाळासाठी टोपरं विणतंय, कुणी मफलर, कुणी शाल. खाली कमेंटमध्ये दोन प्रश्न ठरलेले असतात. एक म्हणजे, एवढी मेहनत कशाला, बाजारात तीनशे रुपयांत मिळतं की! आणि दुसरा, विकणार का, केवढ्याला?

विणणाऱ्या माणसाची पंचाईत या दुसऱ्या प्रश्नाने होते. कारण लागलेले तास मोजले आणि तासाला साधी मजुरी जरी लावली, तरी शालीची किंमत एवढी होते की विचारणारा परत येत नाही. मग लोकरीचे पैसे तेवढे घ्यायचे आणि हातांचे तास फुकट द्यायचे, असाच व्यवहार होतो.

हाच प्रश्न साधारण नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने फार गंभीरपणे घेतला. फरक इतकाच की त्याच्या हातात सुया नव्हत्या, चरखा आणि टकळी होती. हातकामाच्या तासाची खरी किंमत काय, हे शोधायला तो रोज आठ-नऊ तास बसला आणि त्या मजुरीवरच जगायचं ठरवलं.

तो माणूस म्हणजे विनोबा भावे.

विनोबा म्हटलं की आपल्याला भूदान आठवतं, गीताई आठवते. पण विनोबा हे आपल्या काळातले एक अव्वल कातणारे होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

कर्जतहून खोपोलीला आलं आणि तिथून पेणची वाट धरली की खालापूरला लागून असलेला पेण तालुका येतो. याच तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे डोंगराच्या कुशीतलं छोटंसं गाव. 11 सप्टेंबर 1895 रोजी इथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. घरात सगळे विन्या म्हणायचे.

वडील नरहरपंत कामानिमित्त बडोद्याला असायचे आणि विन्या आई रुक्मिणीबाई, आजी-आजोबांसोबत गागोद्याला. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास तोही बडोद्याला गेला.

आता गंमत बघा. या घरात कापड आधीपासूनच होतं. नरहरपंतांना कापडाच्या रंगाईच्या शास्त्राची भारी आवड. कापडाचे छोटे छोटे चौकोनी तुकडे घ्यायचे, प्रत्येकावर वेगळा रंग, वेगळं प्रमाण करून बघायचं आणि नोंद ठेवायची, असा त्यांचा उद्योग चालायचा. आई म्हणायची की एवढ्या तुकड्यांच्या कापडात माझं एक लुगडं रंगवून झालं असतं. त्यावर वडिलांचं म्हणणं असायचं की प्रयोग एकदा जमला की हवी तेवढी लुगडी रंगवता येतील.

हातात सामान घ्यायचं, स्वतः करून बघायचं आणि मोजून ठेवायचं, हा वडिलांचा स्वभाव मुलात पुरेपूर उतरला.

पुढे विन्याचं कॉलेज सुरू झालं, पण मन रमेना. एक दिवस त्याने आपली प्रमाणपत्रं आईच्या देखत चुलीत घातली. मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसला, मध्येच सुरतला उतरला आणि थेट काशी गाठली. तिथे असताना गांधीजींच्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाला. विनोबा हे नाव मिळालं ते आश्रमातच.

लोकांना वाटतं आश्रम म्हणजे चरखा. पण तेव्हा आश्रमात चरखा नव्हताच! गिरणीचं सूत आणायचं आणि हातमागावर विणायचं, असं काम चालायचं. हाताने सूत कातणारा चरखा शोधूनही मिळत नव्हता. गंगाबेन मजुमदार यांनी तो पुढे बडोदा संस्थानातल्या विजापूरमध्ये शोधून काढला.

त्यामुळे विनोबांचं पहिलं कापडकाम म्हणजे खाटेची नवार विणणं. दिवसभर नवार विणली तर दिवसाचं जेवण निघतं का, हा हिशोब त्यांच्या डोक्यात तेव्हापासूनच घोळायला लागला. चरखा आल्यावर कातणं सुरू झालं आणि मग ते आयुष्यभर सुटलं नाही.

याच काळात एक गोष्ट घडली. 1918 च्या ऑक्टोबरमध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. आईच्या वस्तूंपैकी विनोबांनी दोनच ठेवल्या. तिच्या पूजेतली अन्नपूर्णेची मूर्ती आणि तिचं एक लुगडं. ते लुगडं घडी करून ते उशाला घ्यायचे.

पुढे आश्रमात फक्त खादी वापरायचं ठरलं. आणि आईचं लुगडं काही खादीचं नव्हतं.

कुणी म्हणेल, आठवण म्हणून ठेवायला काय हरकत होती? ते कुठे नेसायचं होतं? पण विनोबांनी स्वतःला ही सवलत दिली नाही. त्यांनी ते लुगडं साबरमतीत सोडून दिलं.

हे आज कठोर वाटेल. पण पुढे त्यांनी स्वतःवर जो प्रयोग केला, तो समजायला हा प्रसंग माहीत असलेला बरा. एकदा नियम ठरला की तो आधी स्वतःला लागू, अशी ही जातकुळी होती.

8 एप्रिल 1921 रोजी विनोबा वर्ध्याचा आश्रम सांभाळायला आले. मग झेंडा सत्याग्रह, तुरुंगवास, गीताई, धुळ्याच्या तुरुंगातली गीता-प्रवचनं असं सगळं घडलं. 1932 च्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीत, दलित वस्तीत राहायला गेले. आणि इथे तो हिशोब पुन्हा वर आला.

यासाठी कताईची मापं थोडी समजून घेऊ.

कापूस पिंजून त्याचे हलके, लांबट पेळू करतात. पेळू चरख्याच्या चातीला जोडून हाताने ओढला की पीळ बसत बसत सूत निघतं. पीळ कमी पडला तर सूत तुटतं, जास्त झाला तर गाठी पडतात. सगळा खेळ दोन बोटांच्या अंदाजाचा. क्रोशा किंवा सुया चालवणाऱ्यांना हे लगेच कळेल, कारण टाके सैल-घट्ट होण्याची भानगड तिथेही हीच असते.

कातलेलं सूत गुंडाळून मोजतात. चार फुटांचा एक तार. असे 640 तार झाले की एक गुंडी.

विनोबांनी रोज चार गुंड्या कातायचं ठरवलं. म्हणजे 2560 तार. फुटात मांडलं तर दहा हजार दोनशेच्या वर. तीन किलोमीटरहून लांब सूत, रोज, हाताने.

याला त्यांना आठ-नऊ तास लागायचे. म्हणजे दर मिनिटाला साधारण पाच तार, आणि तेही दिवसभर न थांबता. कातता कातताच ते विद्यार्थ्यांना शिकवायचे. एकाच हातावर ताण येऊ नये म्हणून डाव्या हाताने कातायचाही त्यांनी सराव केला. उजव्या हाताला जे येतं ते डाव्यालाही आलं पाहिजे, मग माणूस जास्त वेळ काम करू शकतो, असा साधा विचार.

आता एवढ्या कामाची मजुरी किती?

खादीचं काम बघणाऱ्या अखिल भारतीय चरखा संघाचा दर ठरलेला होता. 1925 मध्ये स्थापन झालेल्या या संघापुढे एक अडचण कायम असायची. खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडायची. ती खपावी म्हणून किंमत खाली ठेवायची, तर कात्री कुठे लागणार? कापसाचा भाव आपल्या हातात नाही, विणकर मजुरी कमी घेत नाही. मग उरते ती खेड्यात घरी बसून कातणारी बाई. तिला दुसरं काम नसतं, म्हणून मिळेल त्या दरात ती कातते.

थोडक्यात, शहरात देशभक्ती म्हणून जी खादी स्वस्तात घेतली जात होती, तिची सूट त्या बाईच्या खिशातून जात होती.

विनोबा या दरावर जगून बघत होते. 1935 च्या सुमारास गांधीजींनी त्यांना विचारलं की चरखा संघाच्या दराने तुमची कमाई किती होते. उत्तर होतं, जेमतेम दोन आण्यांच्या आसपास. आणि नीट जगायला लागतात किती? आठ आणे.

हा आकडा ऐकून गांधीजी अस्वस्थ झाले. कारण समोरचा माणूस नवशिका नव्हता, आळशी नव्हता, संसाराचा व्याप नव्हता. पूर्ण दिवस, उत्तम काम करणाऱ्या माणसालाही जर गरजेच्या पाव हिश्श्याएवढीच मजुरी मिळत असेल, तर घर, मुलं, शेत सांभाळून कातणाऱ्या बाईचं काय?

गांधीजींना गरिबी माहीत नव्हती असं नाही. पण अहवालात वाचलेला दर वेगळा आणि आपल्या सर्वात निष्ठावान माणसाने त्या दरावर काढलेले दिवस वेगळे.

1935 मध्येच गांधीजींनी चरखा संघात हा मुद्दा लावून धरला. खादी महाग झाली तरी चालेल, पण कातणाऱ्याला पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. खादी खपणार नाही, काम बंद पडेल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटत होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती. तरीही संघाने जीवनवेतनाचं तत्त्व मान्य केलं आणि मजुरीचे दर वाढले. आठ आण्यांचं लक्ष्य मात्र दूरच राहिलं. तत्त्व मान्य झालं पण व्यवहार अजून मागेच आहे, असं विनोबाही नंतर सांगत राहिले.

विनोबांनी दुसऱ्या बाजूनेही काम केलं. मजुरी वाढवायची तर कौशल्यही वाढलं पाहिजे. त्यांनी टकळी हातात घेतली. टकळी म्हणजे चकतीत बसवलेली एक बारीक काडी, जी बोटांनी फिरवून सूत काढतात. खिशात मावते, किंमत जवळपास नाहीच आणि लहान मूलही शिकू शकतं. लोक तिला खेळणं समजायचे. विनोबांनी तिची पद्धत इतकी सुधारली की तिच्यावर भरपूर आणि चांगलं सूत निघू शकतं हे सिद्ध झालं. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या नव्या योजनेसाठी त्यांनी कताईवर पाठ्यपुस्तकही लिहिलं.

ऑक्टोबर 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी निवडलं विनोबांना. देशातल्या बहुतेकांना हे नावही माहीत नव्हतं. म्हणून गांधीजींनी ओळख करून देणारा लेख लिहिला. त्यात विनोबांच्या संस्कृतच्या अभ्यासासोबतच त्यांच्या कताईचाही उल्लेख होता. निर्दोष कताईत त्यांच्या तोडीचा माणूस बहुधा भारतात नसेल, असा त्याचा आशय होता. स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्याची ओळख त्याच्या सुताच्या दर्जावरून करून दिली जाते, असं उदाहरण विरळाच!

त्याआधी 1938 मध्ये विनोबांची तब्येत फार खालावली होती. वजन 88 पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आलं होतं. हवापालट म्हणून ते वर्ध्याजवळ धाम नदीकाठी पवनारला गेले आणि तेच त्यांचं कायमचं ठिकाण झालं.

वडिलांनीही आपला छंद शेवटपर्यंत सोडला नाही. उतारवयात त्यांनी विनोबांना एक पत्र पाठवलं होतं. त्याचा कागद, शाई आणि लेखणी, तिन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेली होती.

गांधीजी गेल्यानंतर विनोबांनी सूतांजलीची कल्पना मांडली. गांधीजींच्या स्मृतीसाठी प्रत्येकाने वर्षातून एक गुंडी सूत स्वतः कातून द्यायचं. पैसे नकोत, हार नकोत, फक्त 640 तार. पैसे देणारा दुसऱ्याचे तासही देऊ शकतो, पण गुंडी द्यायची तर स्वतःलाच बसावं लागतं.

1951 मध्ये भूदान सुरू झालं आणि विनोबा देशभर चालत राहिले. 1958 मध्ये मॅगसेसे पुरस्कार, निधनानंतर 1983 मध्ये भारतरत्न. भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, त्यावरचे वाद आजही चालू आहेत. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला.

गागोद्यात त्यांचं जन्मस्थान आजही आहे. कर्जत-खालापूरकडे ट्रेकिंगला जाणाऱ्यांना ते सहज गाठता येईल.

आणि पुढच्या वेळी कुणी हाताने विणलेल्या शालीची किंमत सांगेल, तेव्हा भाव करायच्या आधी एक प्रश्न विचारून बघा. याला किती तास लागले?

विनोबांनी तेवढंच विचारलं होतं. फक्त उत्तर दुसऱ्याकडून न घेता स्वतः कातून काढलं होतं.