नेटी स्टीव्हन्स: ‘वाय’ गुणसूत्राचं कोडं सोडवणारी संशोधक

मुलीच होतात किंवा मूलच होत नाही, म्हणून अनेक घरांत आजही सुनेलाच बोल लावला जातो. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात दर १,००० मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. पण मुलगा की मुलगी, हे आईमुळे ठरत नाही. हे दाखवणाऱ्यांत नेटी स्टीव्हन्स अग्रणी होत्या.

त्यांचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात झाला. वडील सुतार होते. अनेक वर्षं शाळेत शिकवून त्यांनी पस्तिशीत स्टॅनफर्ड विद्यापीठ गाठलं आणि १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली.

१९०५ मध्ये त्यांनी पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी तपासल्या. मादीत २० मोठी गुणसूत्रं होती, तर नरात १९ मोठी आणि एक छोटं. हे छोटं गुणसूत्र नराच्या निम्म्या शुक्राणूंत असतं आणि त्यांच्यापासून नरच जन्मतो. त्यालाच आज ‘वाय’ म्हणतात. एडमंड विल्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असंच मांडलं आणि श्रेय बराच काळ त्यांनाच मिळालं. ४ मे १९१२ रोजी कर्करोगाने स्टीव्हन्स यांचं निधन झालं.

पुढे १९७६ मध्ये इटलीतल्या संशोधकांना, वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांत ‘वाय’चा तुकडा गळालेला आढळला. मात्र प्रत्येक समाजात याचा परिणाम सारखा नसतो. अनेक जपानी पुरुषांत ‘वाय’चा एक छोटा भाग पिढ्यान्‌पिढ्या नाही, तरीही त्यांचे वंश चालू आहेत.

म्हणूनच मूल होत नसेल, तर तपासणी नवऱ्याचीही व्हायला हवी.