ड्यूक कहानामोकू : लाट ओळखून फळी निवडणारा जलपुत्र

सर्फिंग शिकणाऱ्याला लाटेवर उभे राहता येऊ लागले, की एक प्रश्न हमखास पडतो. आता फळी कोणती घ्यावी? शिकाऊ अवस्थेतील लांब, फुगीर फळी अवजड वाटू लागलेली असते आणि कसलेल्या खेळाडूंची आखूड, पातळ फळी अजून पायाखाली ठरत नाही. लहान-मोठ्या सर्व लाटांवर साथ देईल अशी एकच फळी शोधण्याचा हा खटाटोप आजचा नाही. आधुनिक सर्फिंगचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या ड्यूक कहानामोकू यांच्यापुढेही तो आयुष्यभर उभा होता. मात्र त्यांच्या हाती कोणतेही दुकान नव्हते, की मापांचे तक्ते नव्हते. होते ते लाकूड, हत्यारे आणि समुद्राची पारख.

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला. 'ड्यूक' ही पदवी नव्हे, ते त्यांचे नावच होते. इंग्लंडचे राजपुत्र, एडिंबरोचे ड्यूक १८६९ मध्ये हवाई बेटांच्या भेटीवर आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून त्यांच्या वडिलांचे नाव ड्यूक ठेवण्यात आले आणि तेच पुढे थोरल्या मुलाला मिळाले. ड्यूक लहान असतानाच हवाईचे राज्य लयाला गेले. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत विलीन झाली. जन्मभूमीतच परके होत चाललेल्या समाजात हा मुलगा वायकिकीच्या किनाऱ्यावर वाढला. समुद्र हेच त्याचे अंगण होते आणि तीच त्याची शाळा.

राजाची फळी, रयतेची फळी

लाटांवर स्वार होण्याची कला हवाईत कित्येक पिढ्यांपासून चालत आलेली होती. तिच्यात फळ्यांचेही प्रकार होते. 'अलाइआ' ही मध्यम लांबीची आणि पातळ फळी सर्रास वापरली जाई. 'ओलो' ही लांबलचक, जाड फळी मात्र मुख्यतः सरदार-राजघराण्यातील मंडळींकडे असे. पोटावर झोपून लाट घेण्यासाठी 'पाइपो' नावाची आखूड फळी होती. कोआ, विलिविली आणि फणसाच्या कुळातील 'उलू' या झाडांचे लाकूड त्यासाठी वापरत. कोणती फळी कोणत्या लाटेवर चालते, हे तेथील लोकांना अनुभवाने ठाऊक होते. अलाइआ झटपट फुटणाऱ्या उभ्या लाटेसाठी, तर ओलो दुरून संथपणे येणाऱ्या लाटेसाठी.

एकोणिसाव्या शतकात मात्र या परंपरेला ओहोटी लागली. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्या झपाट्याने घटली. जुने खेळ आणि रीतिरिवाज मिशनऱ्यांच्या नापसंतीस पात्र ठरले. सर्फिंग पूर्णपणे कधीच थांबले नाही, पण लाटांवर जाणारे हात विरळ झाले आणि ओलो तर जवळजवळ दिसेनाशीच झाली. ड्यूक यांच्या बालपणी वायकिकीला दिसत त्या प्रामुख्याने सहा-आठ फुटांच्या फळ्या.

तरुण ड्यूक यांना या फळ्या अपुऱ्या वाटू लागल्या. वायकिकीची लाट खडकाळ प्रवाळतळावरून दूरवर संथपणे घरंगळत येते. तिच्यावर वेळेत चढायचे तर हातांनी पाणी मारत फळीला आधीच गती द्यावी लागते. आखूड फळी पाण्यात खोल बसते आणि लाट खालून निघून जाते. लांब फळी पाण्यावर अधिक तरंगते आणि लाट फुटण्यापूर्वीच तिच्याबरोबर धावू लागते. १९१० च्या सुमारास ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडवूडच्या सुमारे दहा फूट लांबीच्या फळ्या वापरायला सुरुवात केली. अशी फळी जवळपास दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड असे. वजन भरे सुमारे ७० पौंड. आज चार-पाच किलोची फळी बगलेत मारून चालणाऱ्यांना हे ओझे अचाट वाटेल. पण त्या लाटेसाठी ती निवड अचूक होती.

हौशीपणाची किंमत

जगाला ड्यूक यांची पहिली ओळख झाली ती जलतरणपटू म्हणून. ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलू बंदरातील शर्यतीत त्यांनी १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या विक्रमापेक्षा हा वेळ साडेचार सेकंदांहून अधिक कमी होता. अमेरिकेतील हौशी क्रीडासंघटनेचा त्यावर विश्वास बसेना आणि विक्रम नाकारण्यात आला. दूरच्या बेटावरचा, सावळ्या वर्णाचा हा तरुण एवढा वेगवान कसा, हे कोडे मुख्य भूमीवरील पंचांना सुटेना. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकून त्याचे उत्तर पाण्यातच दिले. रिले शर्यतीत रौप्यपदकही मिळाले.

पदके आली, तरी पैसा आला नाही. हौशी खेळाडूने खेळातून एक पैही कमावता कामा नये, असा त्या काळचा कडक दंडक होता. स्टॉकहोमला ड्यूक यांच्याच संघातून गेलेले जिम थॉर्प यांची पदके १९१३ मध्ये काढून घेण्यात आली. थोड्याशा मानधनावर बेसबॉल खेळल्याचा ठपका त्यांच्यावर होता. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना ड्यूक यांना फार सांभाळून राहावे लागले. जगभर प्रदर्शने भरवणारा आणि गर्दी खेचणारा हा माणूस स्वतः मात्र पोटापाण्याच्या विवंचनेत असे.

सिडनीतील पाइनची फळी

१९१४ च्या अखेरीस ड्यूक जलतरणाच्या शर्यतींसाठी ऑस्ट्रेलियात गेले. किनाऱ्यावरच्या लाटा पाहून त्यांना राहवले नाही, पण सोबत फळी नव्हती. मग सिडनीतील लाकडाच्या वखारीतून शुगर पाइनचे लाकूड आणवून त्यांनी स्वतःच फळी घडवली. तिची लांबी साधारण साडेआठ फूट होती. वायकिकीतील त्यांच्या फळीहून ती आखूड, पण लाकूड वेगळे असल्याने चांगलीच जड निघाली. फ्रेशवॉटर येथे त्यांनी हजारो डोळ्यांसमोर लाटा घेतल्या. एका प्रात्यक्षिकात इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या स्थानिक मुलीला त्यांनी आपल्याबरोबर फळीवर उभे केले. ऑस्ट्रेलियातील सर्फिंगचा इतिहास त्या उन्हाळ्यापासून सांगितला जातो. ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबने आजही जतन केली आहे. पुढे न्यूझीलंडलाही त्यांनी हा खेळ दाखवला.

या प्रसंगात फळी निवडण्याचा एक मोठा धडा आहे. ड्यूक यांनी हाती येईल ते लाकूड घेतले आणि त्याच्या गुणदोषांनुसार माप ठरवले. घरच्या लाटेची फळी जशीच्या तशी परक्या किनाऱ्यावर नेण्याचा अट्टहास त्यांनी केला नाही.

पहिल्या महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिंपिक रद्द झाले आणि ऐन उमेदीची वर्षे निघून गेली. तरीही १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, तिशीत प्रवेश करताना, त्यांनी १०० मीटरचे सुवर्ण राखले आणि रिलेमध्ये आणखी एका सुवर्णाची भर घातली. याच अँटवर्पला दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचे पथक गेले होते. बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले आणि कुस्तीगीर रणधीर शिंदे हे त्यात होते. १९२४ मध्ये पॅरिस येथे जॉनी वाइसम्युलर यांनी ड्यूक यांना मागे टाकले. ड्यूक दुसरे आले आणि तिसरा क्रमांक त्यांचे धाकटे बंधू सॅम्युअल यांनी पटकावला.

फळीने वाचवलेले आठ जीव

ड्यूक यांच्या फळीची खरी कसोटी लागली ती १४ जून १९२५ रोजी. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे खवळलेल्या समुद्रात 'थेल्मा' नावाची मासेमारीची नौका उलटली. नौकेवर २९ जण होते. किनाऱ्यावर असलेले ड्यूक फळी घेऊन थेट लाटांत शिरले. बुडणाऱ्यांपर्यंत जायचे, त्यांना फळीवर घ्यायचे, किनाऱ्यावर सोडायचे आणि पुन्हा वळायचे. अशा खेपा घालून त्यांनी एकट्याने आठ जणांना वाचवले. त्यांच्या साथीदारांनी आणखी चौघांना बाहेर काढले. सतरा जण मात्र दगावले. उथळ आणि हलकी फळी या कामी निरुपयोगी ठरली असती. दोन माणसांचा भार पेलून फुटत्या लाटांतून वाट काढू शकेल, एवढी तरंगशक्ती ड्यूक यांच्या फळीत होती. या घटनेनंतर जीवरक्षकांच्या साहित्यात सर्फबोर्डला महत्त्वाचे स्थान मिळाले.

याच सुमारास टॉम ब्लेक हा अमेरिकी जलतरणपटू हवाईत येऊन राहिला. ड्यूक यांना १९२० मध्ये भेटल्यापासून तो त्यांचा चाहता झाला होता. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या ओलो फळ्यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि पुढे आतून पोकळ फळी तयार केली. वजन एकदम उतरले. विस्मृतीत गेलेली राजघराण्याची फळी नव्या रूपाने पाण्यात परतली. ड्यूक यांनीही ओलोच्या धर्तीवर सोळा फूट लांब आणि ११४ पौंड वजनाची प्रचंड फळी घडवून घेतली. अशी फळी झटकन वळत नाही. पण दूर समुद्रात उठणारी मोठी लाट ती सर्वांच्या आधी पकडते आणि अखेरपर्यंत सोडत नाही. आपल्या पूर्वजांचे ज्ञान किती पक्के होते, याचा तो जणू जिवंत पुरावाच होता.

१९३५ मध्ये ब्लेक यांनी फळीच्या तळाला पंख बसवला आणि घसरणाऱ्या शेपटीला लगाम मिळाला. तोपर्यंत ड्यूक पाय पाण्यात टाकून, अंगाचा तोल सांभाळून फळी वळवत असत. आजच्या सर्फरला ज्या तीन पंखांची सवय आहे, ती रचना तर १९८० च्या दशकारंभीची.

चित्रपटांतील किरकोळ भूमिका, पेट्रोल पंपाची नोकरी अशी वळणे घेत अखेर ड्यूक यांना स्थैर्य मिळाले ते होनोलुलूच्या शेरीफपदामुळे. १९३० च्या दशकात ते या पदावर निवडून आले आणि पाव शतकाहून अधिक काळ त्यावर राहिले. १९४० मध्ये नेडिन अलेक्झांडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आजच्या खरेदीदारासाठी

ड्यूक यांच्या फळ्या ओळीने मांडल्या, तर आज मध्यम तयारीच्या सर्फरला हवे असलेले उत्तर त्यातून बरेचसे मिळते. पहिली पाहायची ती लाट. आपण नेहमी जातो त्या किनाऱ्यावर लाट संथ आणि कमी उंचीची असेल, तर लांबी आणि रुंदी अधिक हवी. ती उभी आणि झटकन फुटणारी असेल, तर थोडी आखूड आणि टोकाला वर उचललेली फळी सोयीची. दुसरे म्हणजे तरंगशक्ती. हल्ली ती लिटरमध्ये सांगितली जाते. आपले वजन आणि सराव यांच्या मानाने ती पुरेशी असावी. शिकाऊ फळीवरून एकदम सहा फुटी पातळ फळीवर उडी घेणारे बहुधा लाटा पकडण्याऐवजी नुसते पाण्यात बसून राहतात.

सर्वसाधारण लाटांसाठी सात ते आठ फूट लांब, सुमारे साडेएकवीस इंच रुंद आणि पावणेतीन इंचांच्या आसपास जाड अशी गोलसर टोकाची फळी मध्यम तयारीच्या माणसाला पुष्कळ दिवस पुरते. ती लांब फळीसारखी लाट लवकर पकडते आणि आखूड फळीसारखी थोडीफार वळतेही. फोमची आणि पॉलिएस्टर रेझिनची फळी पाण्यात घट्ट बसल्यासारखी वाटते, तर इपॉक्सीची फळी हलकी आणि टणक असते. काढता-घालता येणारे पंख असतील तर एकाच फळीचा स्वभाव थोडाफार बदलता येतो.

ड्यूक यांचे निधन २२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने झाले. वायकिकीच्या समुद्रातच त्यांच्या अस्थी विसर्जित करण्यात आल्या. नेमक्या त्याच काळात फळ्यांची लांबी झपाट्याने कमी होत होती आणि लांब फळ्या कालबाह्य ठरल्याचे मानले जाऊ लागले होते. काही वर्षांतच ती समजूत चुकीची ठरली. लांब, मध्यम आणि आखूड या तिन्ही फळ्या आज जगभरच्या किनाऱ्यांवर शेजारी शेजारी दिसतात.

सर्फिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे, ही ड्यूक यांची जुनी इच्छा होती. कोरोनामुळे एक वर्ष लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ती पूर्ण झाली. महिलांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूर हिने जिंकले. तिचा जन्म होनोलुलूचा आणि तिचे सर्फिंगचे पहिले धडेही वायकिकीच्या त्याच लाटांवरचे.