यान चोख्राल्स्की

यान चोख्राल्स्की (२३ ऑक्टोबर १८८५ – २२ एप्रिल १९५३) हे पोलिश रसायनशास्त्रज्ञ व धातुशास्त्रज्ञ होते. वितळलेल्या पदार्थातून एकस्फटिक ओढून काढण्याची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणारे बहुतेक सिलिकॉन आज याच पद्धतीने तयार होते.

जीवन व शोध

त्यांचा जन्म तेव्हाच्या जर्मन साम्राज्यातील क्त्सिन्या गावी सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात झाला. बर्लिनमधील एईजी कंपनीत असताना, १९१६ मध्ये त्यांना या पद्धतीचा शोध लागला. टाक दौतीऐवजी चुकून वितळलेल्या कथिलात बुडवला गेला व टोकाशी धातूचा तंतू लोंबत वर आला, अशी आख्यायिका आहे. तंतू एकस्फटिकी होता, हे ओळखण्यात त्यांचे खरे श्रेय आहे. धातू किती वेगाने गोठतात हे मोजण्यासाठी त्यांनी ही युक्ती वापरली आणि १९१८ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. सिलिकॉनशी तिचा तेव्हा काहीच संबंध नव्हता. पुढे फ्रँकफुर्ट येथे त्यांनी रेल्वेच्या बेअरिंगसाठी कथिलविरहित मिश्रधातू शोधला. हयातीत त्यांची कीर्ती मुख्यतः त्यावरच होती.

सिलिकॉनसाठी उपयोग

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील यांनी १९४८ पासून ही पद्धत प्रथम जर्मेनियमसाठी व नंतर सिलिकॉनसाठी वापरली. क्वार्ट्झच्या मुशीत सुमारे १४१४° सेल्सिअसला वितळलेल्या सिलिकॉनला बीजस्फटिक टेकवून तो फिरवत सावकाश वर ओढतात. विद्युतरोधकता फार कमी हवी असल्यास वितळलेल्या सिलिकॉनमध्ये बोरॉन, फॉस्फरस, आर्सेनिक किंवा अँटिमनी मोठ्या प्रमाणात मिसळतात. अशा स्फटिकात साधारणपणे दर हजार ते दहा हजार सिलिकॉन अणूंमागे एक परका अणू असतो. अडचण अशी की परके अणू स्फटिकात पूर्ण शिरत नाहीत. बोरॉन बराचसा शिरतो. अँटिमनीचे प्रमाण मात्र स्फटिकात द्रवातील प्रमाणाच्या जेमतेम दोन-तीन टक्केच राहते. उरलेला द्रव त्यामुळे अधिकाधिक गढूळ होत जातो व स्फटिकाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत रोधकता घटत जाते. म्हणून ठिकठिकाणच्या चकत्या कापून, त्यांवर चार सुया टेकवून रोधकता मोजावी लागते.

अखेरची वर्षे

राष्ट्राध्यक्ष इग्नात्सी मोश्चित्स्की यांच्या निमंत्रणावरून चोख्राल्स्की १९२८ मध्ये पोलंडला परतले व वॉर्सा तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या परवानगीने त्यांनी तेथे धातुपरीक्षणाची प्रयोगशाळा चालवली आणि गुप्तपणे पोलिश प्रतिकार चळवळीला मदतही केली. युद्धानंतर शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. आरोप टिकला नाही, तरीही विद्यापीठाने त्यांना परत घेतले नाही. ते क्त्सिन्याला गेले व घरगुती रसायने बनवणारा छोटा कारखाना चालवू लागले. १९५३ मध्ये पोझ्नान येथे त्यांचे निधन झाले. विद्यापीठाने त्यांना निर्दोष ठरवले ते २०११ मध्ये. पोलिश संसदेने २०१३ हे चोख्राल्स्की वर्ष म्हणून पाळले.