ऑग्युस्तँ-लुई कोशी : तीव्र उताराची दिशा शोधणारे गणिती

फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाल्यानंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांनी, २१ ऑगस्ट १७८९ रोजी, पॅरिस येथे ऑग्युस्तँ-लुई कोशी यांचा जन्म झाला. दहशतीच्या काळात कुटुंबाने आर्केय या गावी आश्रय घेतला. पुढे ते अभियंता झाले आणि १८१० साली शेरबूर्ग बंदराच्या बांधकामावर रुजू झाले. परंतु प्रकृती खालावल्याने पॅरिसला परतून त्यांनी स्वतःला गणितास वाहून घेतले. १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यग्रंथाने कलनशास्त्राला तर्कशुद्ध पाया दिला.

१८३० च्या जुलै क्रांतीत राजा दहावा चार्ल्स पदच्युत झाला आणि सरकारी प्राध्यापकांना नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घेणे भाग पडले. कोशी यांनी ती घेतली नाही. एकदा एका राजाला दिलेले वचन दुसऱ्याला देता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. पदे गेली, वेतन गेले; पत्नी व दोन मुलींना मागे ठेवून ते परदेशी निघाले. तुरीन येथे त्यांनी अध्यापन केले, त्यानंतर प्राग येथे निर्वासित राजाच्या नातवाला शिकविले. १८३८ साली ते मायदेशी परतले. अकादमीच्या सदस्यत्वाला शपथेची अट नव्हती, म्हणून तेवढे एक दार उघडे राहिले.

सरकारी अध्यापनपद नसतानाच, १८ ऑक्टोबर १८४७ रोजी, त्यांनी या अकादमीपुढे एक टिपण सादर केले. छापल्यावर ते जेमतेम तीन पाने भरले. ग्रहगोलाची कक्षा निश्चित करण्यासाठी सहा अज्ञात संख्या एकाच वेळी शोधाव्या लागतात. समीकरणांतील चुकांच्या वर्गांची बेरीज करावी आणि ती बेरीज कमी कमी करीत न्यावी, अशी त्यांची युक्ती होती. मात्र कोणत्या दिशेने गेल्यास ती सर्वांत वेगाने घटेल?

डोंगरउतारावर उभे आहोत असे समजू. पूर्वेकडे एक पाऊल टाकल्यास तीन बोटे चढ लागतो, उत्तरेकडे टाकल्यास चार बोटे. तर सर्वांत तीव्र चढ ना पूर्वेस, ना उत्तरेस. तीन पावले पूर्वेला व चार पावले उत्तरेला गेल्यावर जे ठिकाण येते, त्या रोखाने तो असतो. तिकडे सरळ चालल्यास दर पावलाला पाच बोटे चढ मिळतो. या दिशादर्शक राशीला आज ग्रेडियंट किंवा प्रवणता म्हणतात. तिच्याकडे पाठ केली की सर्वांत तीव्र उतार समोर येतो. तिच्याशी काटकोनात वळल्यास ना चढ, ना उतार. सहा अज्ञातांसाठीही रीत हीच. पाऊल टाकावे, नव्या जागी पुन्हा प्रवणता काढावी, पुन्हा पाऊल टाकावे. पाऊल फार लांब पडले तर समोरच्या चढावर जाऊन पोहोचतो. शिवाय मोठ्या दरीऐवजी मध्येच एखाद्या खळग्यात अडकण्याचा धोका असतो, तो निराळाच.

कोशी निर्दोष होते असे नव्हे. तरुण गणिती आबेल यांचा १८२६ चा महत्त्वाचा प्रबंध त्यांच्याकडे तपासणीसाठी आला असता त्यांनी तो बाजूला ठेवला. १८२९ मध्ये आबेल वारले, तेव्हाही तो अप्रकाशितच होता. ही त्यांच्या नावावरची मोठीच उणीव होय. याउलट, आपल्या अनेक धर्मग्रामांना परिचित असलेल्या संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे ते तळमळीचे कार्यकर्ते होते.

१८४८ मध्ये शपथ रद्द होताच ते अध्यापनाकडे परतले. १८५२ मध्ये ती पुन्हा लादली गेली, तेव्हा त्यांनी पुन्हा पद सोडले. अखेर १८५४ साली सम्राटाने त्यांना सूट दिली. २३ मे १८५७ रोजी सो या गावी त्यांचे निधन झाले. त्या तीन पानी टिपणाचा विषय पुढे विस्ताराने मांडण्याचा त्यांचा मानस होता. ज्या यंत्रांना आज माणसाची भाषा वा चेहरे ओळखण्यास शिकवितात, त्यांच्यातील कोट्यवधी आकड्यांची जुळणी त्याच पद्धतीच्या सुधारित रूपांनी होते.