रामानुजन यांना टीबीनं गाठलं, की पोटातल्या जुन्या दुखण्यानं?

श्रीनिवास रामानुजन म्हटलं की १७२९ नंबरची टॅक्सी आठवते. पण हा किस्सा घडला तेव्हा रामानुजन लंडनच्या पटनी भागात आजारी पडून होते आणि प्रोफेसर हार्डी त्यांना बघायला आले होते. वय होतं जेमतेम तिशीचं.

मग एवढ्या तरुण माणसाला झालं काय होतं?

गोष्ट सुरू होते १९०६ पासून. मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात शिकत असताना रामानुजन यांना आमांश झाला. शिक्षण अर्धवट टाकून ते कुंभकोणमला घरी परतले. काही महिन्यांत बरं वाटलं आणि विषय तिथंच संपला, असं सगळ्यांना वाटलं.

मार्च १९१४ मध्ये ते बोटीनं इंग्लंडला निघाले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताचं काम जोरात सुरू झालं, पण खाण्याचे हाल होते. ते कट्टर शाकाहारी. कॉलेजच्या भोजनगृहात जेवायचं नाही, खोलीतच हातानं रांधायचं. त्यात ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि भाजीपाला, फळं मिळणं अवघड झालं. कामात बुडाले की जेवणाची आणि झोपेची वेळ राहायची नाही.

१९१७ मध्ये त्यांनी अंथरूण धरलं. ताप यायचा, वजन उतरत होतं. टीबीचं निदान झालं आणि पुढची दोनेक वर्षं या सॅनेटोरियममधून त्या सॅनेटोरियममध्ये गेली. तिथली थंडी आणि तिथलं जेवण, दोन्ही त्यांना सोसवत नव्हतं. याच काळात, १९१८ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एकीकडे मोठा मान, दुसरीकडे खंगत चाललेलं शरीर.

मार्च १९१९ मध्ये त्यांची बोट मुंबईला लागली. पण मायदेशी येऊनही तब्येत सुधारली नाही. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये ते गेले. वय अवघं ३२.

अनेक वर्षं टीबी हेच कारण सांगितलं गेलं. १९९४ मध्ये मात्र डी. ए. बी. यंग यांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि वेगळी शक्यता मांडली. ती म्हणजे लिव्हरमध्ये पोचलेला अमिबा. दूषित अन्नपाण्यातून पोटात गेलेला हा जंतू आमांश बरा झाल्यावरही आतड्यात दबा धरून राहतो. काही वर्षांनी तो रक्तावाटे लिव्हरमध्ये जाऊन गळू करू शकतो. मग ताप येतो, पोटात दुखतं, माणूस झिजतो. त्या वेळी जुलाब असतीलच असं नाही, म्हणून पोटावर संशयच जात नाही.

चटका लावणारी गोष्ट म्हणजे, निदान झालं असतं तर यावर तेव्हाही औषध होतं. अर्थात ही शक्यता आहे. आता ती तपासून बघायला मार्ग नाही.

पण परदेशी निघणाऱ्यानं यातून एक गोष्ट उचलावी. पोटाचं जुनं दुखणं असेल तर जाण्याआधी तपासून घ्यायचं. जुने रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी सोबत ठेवायची. आणि तिकडे ताप आला, तर आपल्याला पूर्वी काय झालं होतं आणि आपण कुठून आलोय, हे डॉक्टरांना त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं.