डाल्टन यांचे डोळे

नववीत रसायनशास्त्र शिकताना प्रत्येक कॅडेट डाल्टन हे नाव पाठ करतो. पदार्थ अणूंचे बनलेले असतात, एका मूलद्रव्याचे अणू एकसारखे असतात, असे मुद्दे उत्तरपत्रिकेत लिहितो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. अणुसिद्धान्त शिकवताना माझीही घाई असते, त्यामुळे डाल्टन यांच्या डोळ्यांची हकिगत वर्गात सांगायची राहून जाते. ती या मराठी पानावर सांगतो. वैद्यकीय तपासणीला जाणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ती जरूर वाचावी.

जॉन डाल्टन यांचा जन्म 1766 साली इंग्लंडच्या उत्तरेस कंबरलंड भागातल्या ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. वडील हातमागावर कापड विणत. घर क्वेकर पंथाचे. साधा, मळकट रंगाचा पोशाख करायचा आणि शस्त्र हाती धरायचे नाही, असे त्या पंथाचे नियम. अधिकृत चर्चच्या बाहेरच्या लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी मिळत नसे. म्हणजे ज्याला पुढे सारे जग शास्त्रज्ञ म्हणून ओळखणार होते, त्या मुलाला देशातल्या दोन मोठ्या विद्यापीठांची दारे जन्मापासूनच बंद होती.

बाराव्या वर्षी जॉन गावच्या शाळेत शिकवू लागला. पंधराव्या वर्षी तो केंडल गावी आपल्या थोरल्या भावाकडे गेला आणि तिथल्या क्वेकर शाळेत शिक्षक झाला. तिथे त्याला गुरू भेटले जॉन गॉफ. देवीच्या आजाराने लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती, पण गणित, लॅटिन, ग्रीक यांवर त्यांचे प्रभुत्व होते आणि झाडेझुडपे ते हाताने चाचपून ओळखत. रोजच्या हवामानाची टिपणवही ठेवायचा सल्ला डाल्टन यांना त्यांनीच दिला. निसर्गाकडे बारकाईने पाहायला डाल्टन एका अंध माणसाकडून शिकले, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत सुंदर पान वाटते. ती वही 24 मार्च 1787 रोजी सुरू झाली आणि पुढे 57 वर्षे चालली. तीत दोन लाखांहून अधिक नोंदी आहेत.

1793 साली डाल्टन मँचेस्टरला गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायला गेले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जिरेनियमचे एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले होते. दिवसा त्यांना ते आकाशासारखे निळे दिसे. मेणबत्तीपुढे ते लालसर दिसले, निळ्याचा मागमूस नव्हता. त्यांनी मित्रांना विचारले. सगळे म्हणाले, रंगात फारसा फरक पडत नाही. त्यांच्यासारखा बदल दिसला तो फक्त त्यांच्या भावाला. तेव्हा डाल्टन यांची खात्री पटली की आपली दृष्टी चारचौघांसारखी नाही.

त्या वेळी त्यांचे वय होते 26. आजवर जग ज्याला लाल, हिरवा, गुलाबी म्हणत होते ते रंग आपण वेगळेच पाहत आलो, हे कळल्यावर एखादा गप्प बसला असता. डाल्टन यांनी उलट केले. त्यांनी रिबिनी, फुले, पाने, कपडे एकेक करून तपासले आणि काय कसे दिसते ते लिहून काढले. लाल लाख आणि लॉरेलचे हिरवे पान त्यांना जवळपास एकाच रंगाचे वाटे. रक्त बाटलीच्या गडद हिरव्या काचेसारखे दिसे. स्वतःसारखी आणखी माणसे त्यांनी शोधली. तशी बरीच सापडली, पण त्यांत एकही स्त्री नव्हती. हे सारे त्यांनी 31 ऑक्टोबर 1794 रोजी मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे वाचून दाखवले. मंडळाचे सभासद होऊन त्यांना काही आठवडेच झाले होते. नव्या सभासदाने विद्वानांपुढे पहिला निबंध वाचला तो स्वतःच्या उणिवेवर! रंगांधतेचा हा पहिला सविस्तर शास्त्रीय अभ्यास मानला जातो. फ्रेंचसारख्या काही भाषांत आजही या स्थितीला डाल्टन यांच्याच नावाने ओळखतात.

इथे माझे थोडे सांगतो. मीही डाल्टन यांच्याच पंगतीतला. प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन चालू असताना ब्युरेटचे वाचन मी घेतो, पण फ्लास्कमध्ये पहिली गुलाबी छटा आली का, हे टेबलावरच्या कॅडेटला विचारतो. तुम्ही बारावीला आलात की हे सगळ्यांना ठाऊक होतेच. मला हवाई दलात जायचे होते. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकापाशी मी अडलो. इतरांना जिथे आकडा दिसत होता, तिथे मला नुसते ठिपके दिसत होते. घरी आल्यावर नातेवाइकांनी शोध लावला की हे आईच्या माहेरचे दुखणे. माझ्या आजोबांनाही, म्हणजे आईच्या वडिलांना, तसेच दिसत असे. आईने त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणे टाळले.

म्हणून यामागचे शास्त्र नीट समजून घ्या. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या दोन प्रकारांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एक्स गुणसूत्र एकच, आणि ते आईकडून येते. त्यावरचे जनुक सदोष असेल तर त्याची भरपाई करायला दुसरे नसते. मुलीला एक्स दोन असतात, एक बिघडले तरी सहसा दुसरे काम भागवते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ही स्थिती सुमारे 8 टक्के, तर स्त्रियांत अर्धा टक्का आढळते. डाल्टन यांना आणि त्यांच्या भावाला ती असणे आणि स्त्री एकही न सापडणे, दोन्हींचा उलगडा इथे होतो. आता आईचा यात दोष तो काय? तिने काही केले नाही, काही टाळलेही नाही. तिला स्वतःला तर सगळे रंग दिसतात.

डाल्टन यांच्या काळी हे काहीच माहीत नव्हते. त्यांनी तर्क केला की आपल्या डोळ्यातला पारदर्शक द्रव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश गिळून टाकत असावा. जिवंतपणी हे तपासायचा मार्ग नव्हता. तेव्हा मृत्यूनंतर आपले डोळे काढून पाहावेत, असे त्यांनी सांगून ठेवले.

मधल्या वर्षांत ते मोठे झाले. 1803 मध्ये त्यांनी अणुभारांची पहिली यादी केली आणि 1808 मध्ये अणुसिद्धान्ताचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही चुका होत्या. पाण्यात एक अणू हायड्रोजनचा आणि एकच ऑक्सिजनचा, असे ते धरून चालले. पण अणूंना वजन असते आणि ते मोजता येते, ही दिशा त्यांचीच. ज्या ऑक्सफर्डमध्ये त्यांना शिकता आले नसते, त्याच ऑक्सफर्डने 1832 साली त्यांना सन्मानाने डॉक्टर केले. 1834 साली राजे चौथे विल्यम यांच्या दरबारात जायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. दरबारी पोशाखात तलवार लागे आणि क्वेकर तलवार बांधत नाहीत. तोडगा म्हणून त्यांना ऑक्सफर्डचा डॉक्टरचा झगा घालायचे ठरले. तो होता भडक लाल, म्हणजे क्वेकरांना वर्ज्य. डाल्टन यांनी तो निःशंक मनाने घातला, कारण त्यांच्या डोळ्यांना त्यात भडक असे काहीच दिसत नव्हते.

26 जुलै 1844 च्या रात्री त्यांनी थरथरत्या हाताने हवामानाची शेवटची नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये सुमारे चाळीस हजार लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले. त्यांच्या इच्छेप्रमाणे डॉक्टर रॅन्सम यांनी डोळे तपासले. एका डोळ्यातला द्रव काचेत ओतून पाहिला, तर तो स्वच्छ, बिनरंगी. दुसऱ्या डोळ्याची मागची बाजू कापून त्यातून लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या, तर त्यांचे रंग जसेच्या तसे. डाल्टन यांचा पन्नास वर्षांचा तर्क चुकीचा ठरला, आणि तो खोटा पाडण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

डोळ्यांचे ते अवशेष मँचेस्टरच्या मंडळाने जपून ठेवले. दीडशे वर्षांनी, 1995 साली, शास्त्रज्ञांनी त्यांतून डीएनए काढून तपासला. मध्यम लांबीच्या प्रकाशलहरी, म्हणजे मुख्यतः हिरवा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशींचे जनुक त्यांत नव्हते. डाल्टन यांच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी त्यांच्याच डोळ्यांनी दिले.

आता तुमच्या तपासणीविषयी. ठिपक्यांचे ते पुस्तक जपानचे लष्करी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी 1917 साली तयार केले. त्यांच्या पाट्यांचे आकडे पाठ करून पार पडण्याची युक्ती दरवर्षी कोणी ना कोणी कुजबुजतो. तिच्या नादी लागू नका. जहाजाच्या आणि विमानाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. रात्री समोरून येणारे जहाज कोणत्या बाजूने जाणार, हे त्या दोन दिव्यांवरून ठरते. तिथे पाठ केलेला आकडा कामी येत नाही आणि पणाला लागलेला जीव एकट्या तुमचा नसतो. ही चाचणी कोणाला हिणवायला नसते.

मात्र त्या कागदावरच्या शेऱ्यापुढे आयुष्यही संपत नाही. प्रत्येक दलाचे आणि शाखेचे रंगदृष्टीचे निकष वेगवेगळे असतात. एका ठिकाणी नकार आला तर दुसरीकडे वाट असू शकते, म्हणून ताजी जाहिरात नीट वाचा. शक्य तर आठवी-नववीतच डोळे तपासून घ्या, म्हणजे बारावीला डोंगर कोसळणार नाही. पालकांनो, अहवाल हाती आला की मुलाच्या आईकडे बोट दाखवू नका. घरी कोणाला असे दिसते, हे मुलाला मोकळेपणाने सांगा.

आणि ज्याला खरोखरच हे निघेल त्याने डाल्टन यांच्यासारखी एक वही घालावी. आपल्याला काय दिसते, काय दिसत नाही, कुठे दुसऱ्याला विचारावे लागते, हे त्यात प्रामाणिकपणे लिहावे. आपली मर्यादा नेमकी ठाऊक असलेला माणूस सोबत्यांच्या भरवशाचा असतो. पलटणीत काय किंवा प्रयोगशाळेत काय, लागतो तो असाच माणूस.