वेळ मागणारे पांडुरंगशास्त्री

रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील गागोद्याने विनोबा दिले, तर रोह्याने पांडुरंगशास्त्री आठवले. विनोबांनी समाजाकडे भूमी मागितली. शास्त्रीजींनी मागितला वेळ. १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेल्या शास्त्रीजींनी १९४२ मध्ये मुंबईतील वडिलांच्या गीता पाठशाळेची धुरा स्वीकारली. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे तरुण स्वखर्चाने धर्मप्रसारास निघतात; स्वाध्यायींची भक्तिफेरीही पदरमोड करूनच गावोगावी पोहोचली. 'योगेश्वर कृषी'त शेतकरी आणि 'मत्स्यगंधा' नौकांवर कोळी बांधव पाळीपाळीने श्रम अर्पण करीत. उत्पन्न ईश्वराचे, म्हणून ते गरजूंच्या घरी प्रसादरूपाने जाई. १९९६ मध्ये मॅगसेसे, तर १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार त्यांना लाभला. २५ ऑक्टोबर २००३ रोजी ते निवर्तले. घेणाऱ्याला मिंधे न करताही देता येते, हे त्यांनी दाखवून दिले.